पदरात घेतलेली चूक

सासरेबुवांना दिवसाला पाऊण लिटर पाणी, त्यात चहासुद्धा आला, असा डॉक्टरांचा हुकूम होता. म्हणून वकीलबाई रोज सकाळी एक बाटली भरून तिच्यावर पेनाने चार रेघा ओढत आणि ती त्यांच्या उशाशी ठेवत. सासरेबुवांनी जन्मभर कारखान्यात बॉयलर चालवला होता. काचेच्या नळीत पाणी किती दिसतं यावर डोळा ठेवणं हीच त्यांची तीस वर्षांची नोकरी. "तेव्हा मी बॉयलरचं पाणी बघायचो, आता तू माझं बघतेस," असं ते म्हणायचे, आणि सून पाठमोरी झाली की बर्फाचा खडा तोंडात टाकायचे. बर्फ म्हणजे काही पाणी नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद. घरात एक वकील असला की बाकीचेही हळूहळू वकील होतात.

त्यांच्या दोन्ही मूत्रपिंडांनी संप पुकारल्याला अडीच वर्षं झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा मशीनवर चार-चार तास झोपून रक्त धुऊन घ्यायचं. वकीलबाईंचा नवरा छापखान्यात पाळीने काम करी. तो वडिलांना हॉस्पिटलात सोडून पुढे जायचा, संध्याकाळी वकीलबाई त्यांना घरी आणायच्या. हा सगळा खर्च चालायचा तो वकीलबाईंच्या कंपनीच्या आरोग्य योजनेतून. छापखान्यात तसली काही सोय नव्हती. त्यामुळे या घरात बाईंची नोकरी म्हणजे नुसती नोकरी नव्हती. राजीनाम्याचा विचार मनात आलाच, आणि तो महिन्यातून एकदा तरी यायचाच, तर आधी सासऱ्यांच्या रक्ताला विचारावं लागलं असतं.

त्या सोमवारीही त्यांनी बाटलीवर रेघा ओढल्या, सासऱ्यांचे पाय दाबून सूज पाहिली, नवऱ्याचा डबा भरला आणि नेहमीसारख्या पाच मिनिटं उशिराने त्या कामावर निघाल्या.

कंपनी मोठी होती. तिचा विधी विभाग चौथ्या मजल्यावर. करार तपासायचे, नोटिसांना उत्तरं द्यायची, कोर्टातल्या वकिलांना कागद पुरवायचे, असं काम. माणसं हवी होती दहा, होती चार. भिंतीवर एक मोठा फलक होता. करार आला की दोन दिवसांत बाहेर पडला पाहिजे. पडला तर हिरवी टिकली, नाही तर लाल. वरच्या मजल्यावरचे अधिकारी खाली आले की फक्त टिकल्या मोजत. करार वाचून बाहेर पडला की न वाचता, हे टिकलीवरून कळत नाही. आधी सगळे नीट वाचायचे. मग फलक लालभडक व्हायला लागला, मग बैठका सुरू झाल्या, लाल का झालं यावर. बैठकांत दोन-दोन तास जायला लागले, फलक आणखी लाल झाला. शेवटी माणसं शहाणी झाली आणि आधी टिकली लावून सवडीने वाचायला लागली.

विभागाचे प्रमुख साहेब स्वभावाने गोड. कधी आवाज चढवायचे नाहीत, सगळ्यांना अहो-जाहो करायचे. एकच होतं, साहेब लिहायचे नाहीत. ईमेल आली की उत्तर द्यायला खुर्चीतून उठून यायचे. "तोंडी बोलू ना, कागद कशाला?" हे त्यांचं ब्रीद. सही करत ती फक्त रजेच्या अर्जावर आणि आरोग्य योजनेच्या वार्षिक यादीवर. करारावर त्यांच्या नावाचा नाही, विभागाचा शिक्का उठे. शिपाई मंडळी त्यांना पाठीमागे तोंडीसाहेब म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

आता ज्या विभागात वरचा माणूस लिहीत नाही तिथे चूक झाली की ती कोणाची, असा प्रश्न येतो. त्यावर विभागाने एक रीत पाडून घेतली होती. तिला म्हणत पदरात घेणं. गोष्ट बिघडली की साहेब एका कनिष्ठाला खोलीत बोलवायचे, चहा मागवायचे आणि खुलासा सांगायचे. सांगायचे साहेब, लिहायचा कनिष्ठ. "सदर बाब माझ्या नजरचुकीमुळे घडली." लिहिणाऱ्याला कोणी काढून टाकत नसे. वर्षभर त्याची वाढ थांबे, दोन वर्षं तो कोपऱ्यातल्या टेबलावर बसे आणि मग हळूच वर चढे. विभागात जो कोणी वर चढला होता त्याने कधी ना कधी एक चूक पदरात घेतलेली होती. नोटिसा सांभाळणाऱ्या नोटीसरावांनी अजून घेतली नव्हती, म्हणून बारा वर्षांनंतरही ते नोटिसाच सांभाळत होते. ते स्वतःच हसून सांगत, "चूक स्थळासारखी चालून यावी लागते, माझ्याकडे येतच नाही."

वकीलबाईंनी सात वर्षांपूर्वी घेतली होती. साहेबांच्या खणात वीस दिवस पडून राहिलेली एक नोटीस, मुदत संपली, दावा हरला. "फाईल माझ्याकडून गहाळ झाली," असं बाईंनी लिहून दिलं. घरी जाऊन न्हाणीघरात नळ सोडून रडल्या आणि बाहेर आल्यावर डोळ्यात साबण गेला म्हणाल्या. तिसऱ्या वर्षी त्या उपप्रमुख झाल्या. सासूने सोसलं म्हणून सुनेने सोसायचं, ही चाल आपण घरातून हद्दपार केली असं आपण छाती काढून सांगतो. ती कुठे गेली नाही. गळ्यात ओळखपत्र घालून ती कचेरीत जाऊन बसली आहे.

विभागातल्या चौथ्या माणसाला सगळे नवी म्हणत. दीड वर्ष होऊन गेलं तरी नवीच. वकिलीची परीक्षा नुकतीच झालेली, चपळ, आणि करार खरोखर वाचणारी. सातआठ महिन्यांपूर्वी ती एक कागद घेऊन वकीलबाईंच्या टेबलाशी आली होती.

"मॅडम, गोदामाच्या मालाच्या लिफ्टचा करार. नवीन मसुद्यात एक कलम गेलंय."

"कुठलं?"

"दर महिन्याला मेकॅनिकने येऊन दोर तपासायचं. आता फक्त 'बिघाड झाल्यावर बोलावल्यास येईल' एवढंच आहे. खरेदी विभागाने काढलंय. मी काल गोदामात जाऊन आले. लिफ्ट वरती जाताना कचकच आवाज करते. हमाल म्हणाले दोराचे तंतू सुटलेत, हाताला टोचतात."

"तू गोदामात गेली होतीस? कोणाला विचारून?"

"जेवणाच्या सुट्टीत गेले, मॅडम."

बाईंनी तो कागद वाचला. एकाच पानाची टिप्पणी होती, पण त्यात सगळं होतं. कलम का हवं, नसलं तर काय होईल. त्यांना मनातून बरं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली. फलकावर त्या कराराचा दुसरा दिवस चालू होता.

"हे मी साहेबांच्या कानावर घालते. तोंडी. तू हे फाईलला लावू नकोस."

"का?"

"कागद राहतो, पोरी. उद्या खरेदीवाले विचारतील, विधी विभागाने आमच्याविरुद्ध लेखी दिलंच कसं. मग तुझ्यामागे हात धुऊन लागतील. तुझ्या भल्यासाठी सांगते."

बाईंनी ते खरोखर तिच्या भल्यासाठी सांगितलं होतं, हेच तर वाईट. त्या साहेबांकडे गेल्या, दोन मिनिटं उभ्यानेच बोलल्या. साहेब शांतपणे ऐकून म्हणाले, "खरेदीवाल्यांना कशाला दुखवायचं? लिफ्ट आजवर पडली आहे का? आणि हे कुठे कागदावर नाही ना?"

"नाही."

"छान. मग जाऊ द्या बाहेर. उद्या लाल होईल."

बाईंच्या सांगण्यावरून नवीने आपल्या हाताने ती टिप्पणी कागद कातरायच्या मशीनमध्ये घातली. मग तिने कराराच्या चिठ्ठीवर 'तपासले' लिहून सही केली. चिठ्ठीवर तिच्या एकटीचीच सही होती, कारण तशीच रीत होती. फलकावर हिरवी टिकली लागली.

त्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, लिफ्टचा दोर तुटला. आत चौतीस वर्षांचा एक हमाल होता. तो दोन तास जिवंत होता.

चौथ्या मजल्यावर बातमी आली तेव्हा नवी पाणी प्यायला उठली होती. ती परत येऊन बसली आणि तिने पुढ्यातली फाईल उघडली, पण तासभर पान उलटलं नाही. वकीलबाई तिच्याकडे पाहू शकल्या नाहीत. नोटीसराव दोनदा काहीतरी बोलायला म्हणून उठले आणि पुन्हा बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी निघताना बाईंना फाटकाशी एक बाई दिसली. ती त्या हमालाची बायको होती. रडत नव्हती. पहारेकऱ्याशी बोलत होती, तेच तेच पुन्हा.

"साहेब, एवढंच लिहून द्या की काल ते कामावर होते. ठेकेदार म्हणतो हजेरीत नावच नाही."

"ताई, कामावर होताच ना तो. मीच आत सोडला त्याला."

"मग तेवढंच लिहून द्या."

"लिहून द्यायचा मला अधिकार नाही हो. तोंडी कोणालाही सांगतो, होता म्हणून."

"तोंडी घेऊन मी कुठे जाऊ?"

वकीलबाईंना रस्त्यापलीकडून हे सगळं ऐकू आलं. त्या खाली मान घालून निघून गेल्या. त्या दोषी होत्या आणि आपण दोषी आहोत हे त्यांना कळत होतं, आणि तरीही पाय थांबले नाहीत.

बुधवारी सरकारी निरीक्षक आले आणि तळमजल्यावरच्या खोलीत कागद पसरून बसले. पाच वाजेपर्यंत थांबणार होते. साडेतीनला साहेबांनी बाईंना बोलावलं. चहा आधीच आलेला होता.

"बसा, बसा. सासरेबुवा कसे आहेत?"

"आज मशीनचा दिवस आहे त्यांचा."

"अरे वा. नियमित चालू आहे ना? फार चांगली योजना आहे आपली. पुढच्या महिन्यात यादी नव्याने जाईल, मीच सही करतो. तुमचं नाव आहेच." साहेबांनी कप पुढे सरकवला. "निरीक्षकांना खुलासा हवाय, ते कलम कसं गेलं. चिठ्ठीवर त्या मुलीची सही आहे. लिहून घ्या तिच्याकडून. नजरचूक. मसुदा करताना ओळ सुटली. कोणी मुद्दाम काढलं नाही, म्हणजे कंपनीवर गुन्हा येत नाही. तिला सांगा, आम्ही सांभाळून घेऊ."

"साहेब, ओळ सुटली नव्हती. तिनेच पकडलं होतं. मी तुम्हाला येऊन सांगितलं होतं."

साहेबांना खरंच आश्चर्य वाटलं. "असं? मला काही आठवत नाही. काही लेखी आहे का?"

"नाही."

"मग झालं तर. तुम्हीच घ्या लिहून, तुमचं ऐकेल ती. तुम्हाला अनुभव आहे." हे शेवटचं वाक्यही साहेब गोडच बोलले. "पाचच्या आत."

बाहेर येऊन बाईंनी घड्याळात पाहिलं. त्या वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला सासरेबुवा हाताला दोन सुया लावून पडले असतील, छताच्या पंख्याची पाती मोजत. आठवड्यातून तीनदा. दोनदा झालं तर पायांची सूज छातीपर्यंत चढते, श्वास लागतो, हे डॉक्टरांनी त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं होतं. बाईंनी मनाशी हिशेब घातला. पोरगी तरुण आहे. एकटी आहे. वर्षभर वाढ थांबेल, दोन वर्षं कोपऱ्यात बसेल. मी बसले नव्हते का? काय बिघडलं माझं?

त्यांनी नवीला बैठकीच्या खोलीत नेलं, दार लावलं, समोर कोरा कागद ठेवला. बोलायला तोंड उघडलं आणि सात वर्षांपूर्वी साहेबांनी त्यांना सांगितलेली वाक्यं जशीच्या तशी बाहेर पडू लागली.

"हे बघ, घाबरायचं काही नाही. असं सगळ्यांचंच होतं. मोठ्या संस्थेत थोडं पदरात घ्यावं लागतं. तुला कोणी काढणार नाही, मी आहे ना."

नवीने सगळं ऐकून घेतलं. भांडली असती, ओरडली असती, तर बाईंना सोपं गेलं असतं. त्यांची सगळी तयारी भांडणाचीच होती. पण नवीने पेन उचललं.

"सांगा, मॅडम."

"लिही. लिफ्टच्या देखभालीच्या करारातील मासिक तपासणीचे कलम..."

नवी लिहू लागली. अक्षर सुरेख होतं. बाई सांगत गेल्या, पेन चालत गेलं, 'माझ्या नजरचुकीमुळे' इथवर आलं आणि थांबलं. नवीने वर पाहिलं.

"मॅडम, मी तुम्हाला आधी सांगितलं होतं, ते यात लिहायचं नाही ना?"

तिने टोमणा मारला नव्हता. हुशार विद्यार्थिनी विचारते तसं, नीट समजून घेण्यासाठी, ती विचारत होती. दीड वर्षात बाईंनी तिला जे जे शिकवलं होतं ते ती छान शिकली होती.

बाईंनी त्या मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. ही आज घरी जाऊन नळ सोडणार. तिसऱ्या वर्षी वर चढणार. मग एखादी नवीन येईल, करार खरोखर वाचणारी, आणि ही तिला सांगेल, कागद राहतो, पोरी, तुझ्या भल्यासाठी सांगते. आणि दरम्यान कुठेतरी आणखी एक दोर सुटत जाईल. बाईंना स्वतःची किळस आली, अगदी खरीखुरी, ओकारी यावी तशी.

"दे तो कागद."

"अजून सही राहिलीय, मॅडम."

"दे म्हणते ना."

तो कागद त्यांनी फाडला. दुसरा घेतला. आणि ज्या बाईने दहा वर्षांत आपल्या मनाने एक ओळ फाईलला लावली नव्हती तिने अर्ध्या तासात दीड पान लिहिलं. कलम खरेदी विभागाने काढलं. कनिष्ठ सहकारिणीने दोर स्वतः पाहून लेखी इशारा दिला. तो मी दाबायला लावला. मी प्रमुखांना तोंडी सांगितलं, ते असं असं म्हणाले. मला धोका माहीत होता. मी लिहिलं नाही, हा माझा गुन्हा आहे. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही.

पाचला दहा कमी असताना त्यांनी तो कागद तळमजल्यावर निरीक्षकांच्या हातात दिला आणि पोच मागितली. निरीक्षकांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

"बाई, याचा पुरावा काय?"

"मी. आणि ती मुलगी."

"तुम्ही स्वतःला गुंतवताय, कळतंय ना?"

"वकील आहे मी," बाई म्हणाल्या.

साहेबांनी तेव्हाही आवाज चढवला नाही. "तुम्ही फार दमला आहात, मॅडम. घरी जा," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी फाटकावर बाईंचं ओळखपत्र चाललं नाही. चौकशी होईपर्यंत निलंबन. त्याबरोबर आरोग्य योजना बंद. हे मात्र लेखी आलं, तातडीने.

घरी नवरा ऐकून भिंतीला टेकून उभा राहिला.

"मला एकदा विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"हो, म्हणालो असतो! बाप आहे तो माझा! त्या माणसाचं वाईट झालं, मान्य. तो गेला. हे अजून आहेत ना?" आणि तो गॅलरीत निघून गेला. त्याचं काही चुकत होतं असं बाईंना वाटलं नाही.

सासरेबुवा खाटेवर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी विचारलं, "दोर कधीपासून सुटत होता?"

"आठ महिने तरी, बाबा."

"आमच्या बॉयलरला दरवर्षी तपासणी असायची. मालक शिव्या द्यायचा, कामाचा दिवस बुडतो म्हणून. एका वर्षी तपासणाऱ्याने लिहून दिलं, दुरुस्ती होईतोवर बॉयलर पेटवायचा नाही. सहा दिवस काम बंद. आम्हीसुद्धा त्याला शिव्या घातल्या." त्यांनी बाटलीवरची रेघ पाहिली. "भांडं फुटायला आलं होतं आतून. मी त्याच्यापासून चार हातांवर उभा असायचो." सुनेला धन्य वगैरे म्हणाले नाहीत. त्यांना भीती वाटत होती आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

सरकारी रुग्णालयात मशीनं सहा होती आणि माणसं शंभर. तिथे आठवड्याला दोन पाळ्या मिळाल्या, त्याही पहाटे रांग लावून. तिसऱ्या आठवड्यात सूज मांडीपर्यंत आली. पाचव्या आठवड्यात सासरेबुवा आडवे होऊ शकेनात. बसूनच झोपायचे, उशी कवटाळून. पाण्याची बाटली आता अर्धीच भरावी लागे. नवरा बायकोशी बोलायचा ते औषधांपुरतं. आणि याच सुमारास नवीने येऊन सांगितलं, कंपनीने निरीक्षकांकडे नवा खुलासा दिला आहे. नोटीसरावांचा. "मॅडमनी लिफ्टविषयी मला सांगितले होते, साहेबांना कळवण्यास मी विसरलो." म्हणजे साहेबांना काही माहीतच नव्हतं. बाईंच्या दीड पानाला एका ओळीने उभं चिरलं. नोटीसरावांकडे बारा वर्षांनी चूक चालून आली होती, आणि त्यांनी पदर पसरला होता.

त्या रात्री बाईंना पहिल्यांदा वाटलं की आपण उगाच केलं. माणूस गेला तो गेला. घरातला जातोय. आणि साहेब आहेत तिथेच आहेत.

सहाव्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी, रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाकावर त्या बसल्या होत्या. आत सासरेबुवा मशीनवर. नवरा पाळी संपवून थेट तिथे आला होता आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. सकाळीच तिथल्या सिस्टरने दया येऊन सांगितलं होतं, उद्या एक जागा रिकामी आहे, सकाळी साडेनऊला आजोबांना घेऊन कोणीतरी हजर राहा, नाही तर दुसऱ्याला जाईल. सहा आठवड्यांतली ती पहिली तिसरी पाळी होती.

फोन वाजला. नोटीसराव होते. नेहमीचा हसरा आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"मॅडम, फोन ठेवू नका. उद्या निरीक्षकांच्या ऑफिसात माझा जबाब आहे. ते विचारणार, मॅडमनी तुम्हाला सांगितलं होतं का. मला हो म्हणायला सांगितलंय."

"मग?"

"तुम्ही मला कधीच काही सांगितलं नव्हतं." मग ते घाईघाईने बोलू लागले. "काल त्या हमालाची बायको वर आली होती. तिला कोणीतरी माझं नाव सांगितलं. मला म्हणाली, तुम्ही विसरलात म्हणून गेले का ते? मी मान हलवली, मॅडम. हो म्हणून. माझी पोरं शाळेत आहेत हो, मी काय करू? लिहून दिलेलं खोटं आहे असं आता म्हणता येतं का? कायद्याने?"

बारा वर्षं कायद्यात काढलेला माणूस हे विचारत होता.

"येतं," बाई म्हणाल्या.

"नोकरी जाईल?"

"जाईल."

"बरं." मग लगेच, "एकट्याला नाही जमणार, मॅडम. दारापर्यंत जाईन आणि परत फिरेन. मी ओळखतो मला."

"किती वाजता आहे?"

"दहाला."

बाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. रुग्णालय गावाच्या एका टोकाला, निरीक्षकांचं ऑफिस दुसऱ्या. साडेनऊ आणि दहा. त्यांनी काचेतून आत पाहिलं. सासरेबुवा बसूनच होते, मान पुढे पडली होती, तोंड उघडं. नोटीसराव उद्या परत फिरले तर फिरले, असं म्हणायला बाईंचे ओठ हललेसुद्धा.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला नवरा खाली पाहत होता. नोटीसरावांचा आवाज मोठा. शब्द न् शब्द त्याच्यापर्यंत पोचला होता. शाईने काळ्या झालेल्या नखांकडे पाहत तो म्हणाला, "उद्या बाबांना मी आणतो."

"तुझी पाळी?"

"बुडेल. तू जा त्याच्याबरोबर."

बाईंना रडू आलं, पण ते नंतर. आधी त्या फोनमध्ये बोलल्या, "दहाला नको, पावणेदहालाच या. मी दारात उभी असते."